चलांना नावे ठेवताना

शाळेतल्या बीजगणितात ‘क्ष’ची ओळख होते ती एक अज्ञात संख्या म्हणून. गणित सोडवायचे आणि क्षची किंमत शोधून काढायची, एवढाच त्या अक्षराशी आपला संबंध असतो. संगणकाची भाषा शिकू लागलेल्या माणसाला ‘व्हेरिएबल’ म्हणजेच ‘चल’ पुन्हा भेटतो, तेव्हा तो ही जुनी ओळख सोबत घेऊन येतो आणि पहिल्याच आठवड्यात अडखळतो. समोर ओळ असते, क्ष = क्ष + १. बीजगणिताच्या दृष्टीने हे अशक्य आहे. कोणतीही संख्या स्वतःपेक्षा एकने मोठी असू शकत नाही. आज्ञावलीत मात्र ही रोजची ओळ आहे. कारण तेथे बरोबरचे चिन्ह समानता सांगत नाही, ते आज्ञा देते : उजवीकडचा हिशेब कर आणि येणारे उत्तर डावीकडच्या जागेत ठेव. निकलाउस विर्ट यांनी १९७० साली विद्यार्थ्यांसाठी तयार केलेल्या पास्कल या भाषेत हा घोटाळा टाळण्यासाठी बरोबरच्या आधी अपूर्णविराम देण्याची पद्धत ठेवली होती. सी या भाषेने मात्र नुसते बरोबरचे चिन्ह स्वीकारले. पुढे जावा, जावास्क्रिप्ट, पायथन यांतही तेच रूढ झाले.

तेव्हा चल म्हणजे अज्ञात राशी नव्हे. संगणकाच्या स्मृतीतील एका जागेला दिलेले ते नाव आहे. त्या जागेत काय ठेवायचे हे आपण ठरवतो आणि हवे तेव्हा बदलतो.

या लेखातील उदाहरणे प्रामुख्याने सी भाषेची आहेत. ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत घडवली. आपल्याकडे अभियांत्रिकी आणि पदविका अभ्यासक्रमांतून तिची ओळख होते. नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकावर तर विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या तयार झाल्या. उदाहरणांतील ओळी वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर टंकताना त्या रोमन लिपीत आणि रोमन आकड्यांत लिहायच्या असतात.

सी भाषेत चल वापरण्यापूर्वी त्याची घोषणा करावी लागते. ती अशी :

इंट वय;
फ्लोट दर;
कॅर श्रेणी;

पहिल्या शब्दाने जागेचा प्रकार सांगितला जातो, दुसऱ्याने तिचे नाव. ‘इंट’ म्हणजे पूर्णांक, ‘फ्लोट’ म्हणजे दशांश चिन्हासह येणारी संख्या, ‘कॅर’ म्हणजे एखादे अक्षर किंवा चिन्ह. ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायचा. घोषणा करताना किंमतही देता येते, जसे इंट वय = २५; आणि ती लगोलग देणे केव्हाही चांगले.

शिकवताना चलाला स्वयंपाकघरातल्या डब्याची उपमा देण्याचा प्रघात आहे. घोषणा म्हणजे डबा फळीवर मांडून त्यावर चिठ्ठी चिकटवणे. उपमा सोपी आहे, पण ती तीन ठिकाणी फसवते. डब्यातून साखर काढली की डब्यातली साखर कमी होते. चलातली किंमत कितीही वेळा वाचली तरी जशीच्या तशी राहते. डब्यात साखरेवर रवा ओतला तर दोन्ही एकत्र होतात. चलात नवी किंमत ठेवली की जुनी पुसली जाते, तिचा मागमूस उरत नाही. तिसरी फसगत सर्वांत महागात पडणारी आहे. नवा डबा रिकामा असतो. सी भाषेत एखाद्या कार्याच्या आत नुसती घोषणा करून सोडलेला चल रिकामा नसतो. स्मृतीच्या त्या जागेत आधीच्या कोणत्या तरी कामाचा गाळ शिल्लक असतो आणि किंमत न देता तो चल बेरजेत वापरला, तर तो गाळच हिशेबात येतो. उत्तर आज बरोबर, उद्या चूक, असे चाळे सुरू होतात. जावा भाषेत अशा स्थानिक चलाला किंमत दिल्याशिवाय तो वाचूच दिला जात नाही. आज्ञावलीचे भाषांतर करणारा कम्पायलर तेथेच अडवतो.

जागेचा प्रकार आगाऊ सांगण्याचा आग्रह नवशिक्याला जाचक वाटतो. त्यामागे दोन कारणे आहेत. स्मृतीत शेवटी केवळ शून्य आणि एक यांच्या रांगा असतात. त्या रांगेचा अर्थ संख्या असा लावायचा की अक्षर असा, हे प्रकारावरून ठरते. दुसरे कारण जागेच्या मापाचे. टर्बो सी या जुन्या आणि आपल्या महाविद्यालयांत दीर्घकाळ ठाण मांडून बसलेल्या कम्पायलरमध्ये ‘इंट’ला दोन बाइट, म्हणजे १६ बिट मिळत. त्यांत उणे ३२,७६८ पासून ३२,७६७ पर्यंतच्याच संख्या मावतात. अशा चलात ४०,००० रुपये पगार ठेवला, तर पडद्यावर उणे २५,५३६ असा आकडा उमटे. कर्मचारीच कंपनीचे देणे लागतो असे दाखवणारी ही पगारपत्रके प्रयोगशाळेत विनोदाचा विषय होत. आजच्या बहुतेक संगणकांवर ‘इंट’ चार बाइटांचा असतो आणि त्याची वरची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. मर्यादा वाढली, संपली नाही.

हाच ३२,७६७ चा आकडा एका अग्निबाणाला भोवला. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कूरू येथून युरोपचा एरियन-५ हा अग्निबाण प्रथमच झेपावला आणि सुमारे ४० सेकंदांत त्याच्या चिंधड्या उडाल्या. सोबतचे क्लस्टर मालिकेतील चार वैज्ञानिक उपग्रहही गेले. चौकशीत निष्पन्न झाले ते असे. दिशादर्शक यंत्रणेची आज्ञावली आधीच्या एरियन-४ वरून उचललेली होती. तीत आडव्या वेगाशी निगडित एक ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात उतरवली जाई. एरियन-४ चा वेग बेताचा असल्याने ती नेहमी मावत असे. एरियन-५ अधिक वेगवान होता. संख्या मर्यादेबाहेर गेली, यंत्रणा बंद पडली आणि तिने पाठवलेल्या निदानाच्या आकड्यांनाच मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून अग्निबाण भलतीकडे वळवला. विशेष म्हणजे असा धोका संभवणारे सात चल तज्ज्ञांनी आधीच हेरले होते आणि त्यांपैकी चारांना संरक्षण दिले होते. उरलेल्या तिघांच्या बाबतीत तशी वेळ येणार नाही असे गृहीत धरले गेले. त्याहून वाईट म्हणजे हिशेबाचा तो भाग उड्डाणानंतर एरियन-५ ला कशासाठीही लागत नव्हता.

सामान्य व्यवहारात नुकसान असे डोळे दिपवणारे नसते, म्हणून ते लक्षात येत नाही. मुदतठेवीवरील सरळव्याजाचा हिशेब घ्या. मुद्दल एक लाख, दर साल दर शेकडा ८.५, मुदत एक वर्ष. व्याज ८,५०० रुपये. पण ‘दर’ हा चल इंट म्हणून घोषित केला, तर त्यात ८.५ ठेवताना दशांश भाग गळून पडतो, आठ उरतात आणि व्याज ८,००० होते. अनेक कम्पायलर याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. भागाकारातही हीच गोष्ट. सी भाषेत दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येतो. ५ भागिले २ बरोबर २. यावर उपाय म्हणून सगळीकडे फ्लोट वापरणारेही चुकतात. दशमान पद्धतीतला ०.१ हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत नेमका लिहिता येत नाही, जसा एकतृतीयांश आपल्याला दशांशांत नेमका लिहिता येत नाही. हजारो नोंदींच्या बेरजेत या सूक्ष्म चुका साचतात आणि पैशांचा ताळा जुळत नाही. म्हणून रकमा पैशांत मोजून पूर्णांकात ठेवणे ही जुनी आणि भरवशाची रीत आहे.

घोषणेची सक्ती सर्व भाषांत नसते. आयबीएममधील जॉन बॅकस यांच्या गटाने १९५७ साली आणलेल्या फोरट्रान भाषेत चलाच्या नावाचे पहिले अक्षर पाहून प्रकार ठरे. रोमन वर्णमालेतील आय ते एन या अक्षरांपैकी एखाद्याने सुरू होणारे नाव पूर्णांकाचे, बाकी सारी दशांश संख्यांची. इंग्रजीत दशांश संख्येला ‘रिअल’ म्हणतात. यावरून प्रोग्रामर मंडळींत एक विनोद प्रचलित झाला : ‘गॉड’ हे नाव जी या अक्षराने सुरू होते, तेव्हा घोषणा करून पूर्णांक ठरवला नाही तोवर देव ‘रिअल’च आहे. विनोद सोडला तर या सोयीची किंमत मोठी होती. फोरट्रानमध्ये एखादे काम दहा वेळा करवून घेण्यासाठी ‘डू १० आय = १,१०’ अशा धर्तीची ओळ लिहीत. स्वल्पविरामाऐवजी चुकून टिंब पडले तर? जुनी फोरट्रान मोकळ्या जागा विचारात घेत नसे. त्यामुळे कम्पायलरने ‘डू१०आय’ हे एकच नाव आहे असे मानले, घोषणा नसल्याने मुकाट्याने तसा नवा चल तयार केला आणि त्यात १.१० ही किंमत ठेवली. काम दहाऐवजी एकदाच झाले.

या चुकीमुळे १९६२ साली शुक्राकडे निघालेले मरिनर-१ हे यान गमावले गेले, असे अनेक पुस्तकांत छापलेले आढळते. ते खरे नाही. मरिनरचा घात मार्गदर्शनाच्या सूत्रातील एका अक्षरावरची आडवी रेघ उतरवून घेताना गळल्यामुळे झाला. स्वल्पविरामाची चूक नासाच्या मर्क्युरी प्रकल्पातील एका आज्ञावलीत होती आणि ती नुकसान होण्याआधीच सापडली. पुढे फोरट्रानमध्ये अशी अध्याहृत घोषणा बंद करण्याची सोय झाली आणि १९९०च्या आवृत्तीत तिला प्रमाण भाषेत स्थान मिळाले.

बेसिक ही तर खास नवशिक्यांसाठीच १९६४ साली डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी केलेली भाषा. तिच्या पहिल्या आवृत्तीत चलाचे नाव एक अक्षर किंवा एक अक्षर आणि एक अंक एवढेच असू शके. २६ अक्षरे आणि त्यांच्यापुढे दहा अंक, अशी एकंदर २८६ नावे. शिकणाऱ्याला ही मर्यादा सुटसुटीत वाटली असेल. आज्ञावली पन्नास ओळींपलीकडे गेली की ‘के३’ म्हणजे काय हे मात्र लिहिणाऱ्यालाच आठवेनासे होई.

आता नावांचे नियम. सी आणि तिच्या वळणाच्या भाषांत नावात अक्षरे, अंक आणि खालची रेघ चालते. मध्ये मोकळी जागा चालत नाही. पहिले चिन्ह अंक असता कामा नये, कारण अंक दिसला की कम्पायलर त्याला संख्या समजून वाचू लागतो. रोमन लिपीतील मोठे आणि लहान अक्षर ही वेगवेगळी अक्षरे मानली जातात. आणि भाषेने स्वतःसाठी राखून ठेवलेले शब्द नाव म्हणून वापरता येत नाहीत. एवढे नियम पाठ्यपुस्तकात सापडतात.

मराठी माणसाला या नियमांत जे खाचखळगे लागतात ते पाठ्यपुस्तकात सापडत नाहीत. चलांना आपल्या भाषेतली नावे द्यावीत असे वाटणे स्वाभाविक आहे. पगार, वय, मुद्दल ही नावे रोमन लिपीत लिहिली तर कम्पायलरची हरकत नसते. पण ‘चार’ हा शब्द रोमन लिपीत लिहून पाहा : तो नेमका सी भाषेतला ‘कॅर’ होतो आणि कम्पायलर तो नाकारतो. वारांच्या यादीसाठी जावास्क्रिप्टमध्ये ‘वार’ असे नाव देऊ गेलात, तर त्याचे रोमन रूप म्हणजे त्या भाषेत चल घोषित करण्याचाच राखीव शब्द. रिक्षाच्या भाड्याचा हिशेब करताना ‘ऑटो’ हे नाव सुचणे साहजिक. सी भाषेने तेही राखून ठेवले आहे. ‘केस’ही राखीवच, मग तो डोक्यावरचा असो वा कोर्टातला. कम्पायलर अशा वेळी जी चूक दाखवतो तिच्या शब्दरचनेवरून नवख्याला मूळ कारण समजेलच असे नाही. खालची रेघ जोडून ‘वार_क्रमांक’ किंवा ‘ऑटो_भाडे’ केले की प्रश्न सुटतो, आणि नावही अधिक बोलके होते.

दुसरी अडचण शुद्धलेखनाची. मराठीसाठी रोमन लिपीत ठरलेले लेखन नाही. ‘एकूण’मधला दीर्घ ऊ कोणी एका यूने लिहितो, कोणी दोन ओंनी. एकाच माणसाच्या हातून सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे लेखन होते. सीमध्ये हे पकडले जाते, कारण दुसऱ्या लेखनाची घोषणा झालेली नसते. पायथनसारख्या भाषेत घोषणा लागत नाही. नावाला किंमत दिली की चल अस्तित्वात येतो. मग दुकानाच्या विक्रीची बेरीज एका ‘एकूण’मध्ये होत राहते, परतावा दुसऱ्या ‘एकुण’मध्ये वजा होतो आणि पावतीवर पहिला छापला जातो. आज्ञावली कुठेही अडत नाही. गिऱ्हाइकाला मात्र परतावा मिळत नाही. ऱ्हस्वदीर्घाचा आग्रह धरणाऱ्या मराठीच्या शिक्षकांना एवढा कडक परीक्षक क्वचितच लाभला असेल.

थेट देवनागरीत नावे देता येतात का, असा प्रश्न पडतो. जावामध्ये हे पहिल्यापासून शक्य आहे आणि पायथनमध्ये २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून. पायथनला ‘पगार’ हे देवनागरी नाव चालते, ‘पगार१’ही चालते, आज्ञावलीत संख्या म्हणून लिहिलेला देवनागरी १० मात्र चालत नाही. गंमत अशी की वापरणाऱ्याने टंकलेला देवनागरी १० हाच मजकूर पूर्णांकात बदलायला सांगितला, तर पायथन तो बिनतक्रार दहा म्हणून वाचते. लहान मुलांना शिकवताना देवनागरी नावे जरूर वापरावीत. कल्पना समजण्यास त्यांची मदत होते. तथापि व्यावसायिक कामात त्यांचा उपयोग मर्यादित आहे. सहकारी अन्य प्रांतांतले किंवा देशांतले असतात, आणि शिवाय ‘दुसऱ्या’ या शब्दातला ऱ्य संगणकावर दोन निरनिराळ्या प्रकारांनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, आत साठवलेले संकेत वेगळे असतात.

नाव कम्पायलरला चालणे वेगळे आणि वाचणाऱ्याला कळणे वेगळे. सरळव्याजाच्या सूत्रात म, द, क ही अक्षरे फळ्यावर शोभतात, कारण सूत्राखाली त्यांचे अर्थ लिहिलेले असतात. आज्ञावलीत ‘द’ म्हणजे दर हे ओळखता आले तरी तो शेकड्यात आहे की अपूर्णांकात, वार्षिक आहे की मासिक, हे समजत नाही. ‘वार्षिक_दर_टक्के’ हे नाव टंकायला दहा सेकंद जास्त लागतील. ते वाचणाऱ्याला मात्र विचारायला कुणाकडे जावे लागणार नाही. उलट, पाच ओळींच्या पुनरावृत्तीत मोजणीसाठी वापरलेल्या चलाला नुसते ‘आय’ म्हटले तर काही बिघडत नाही. थोड्या काळासाठी आलेल्या पाहुण्याला लांबलचक उपाधी कशाला?

मोजमापाचे एकक नावात असावे, हा नियम मंगळावरच्या एका अपघाताने अधोरेखित केला. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाभोवतीच्या कक्षेत शिरताना नष्ट झाले. जमिनीवरील एका आज्ञावलीने यानाच्या छोट्या इंजिनांनी दिलेल्या आवेगाचे आकडे ब्रिटिश पद्धतीच्या पौंड-सेकंदांत काढले होते. घेणारी बाजू ते न्यूटन-सेकंद समजत होती. दोहोंत जवळपास साडेचार पटींचा फरक. यान मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटरवरून जाणे अपेक्षित होते, ते अवघ्या ५७ किलोमीटरच्या आसपास उतरले. केवळ चलांची नावे बदलून यान वाचले असते असा दावा कोणी करू नये; मेट्रिक एकके वापरावीत असे लेखी ठरलेले असूनही ते पाळले गेले नव्हते. पण आकड्याच्या नावातच एकक असते, तर महिनोन्‌महिने ते आकडे हाताळणाऱ्यांपैकी एखाद्याची भुवई उंचावण्याची शक्यता नक्कीच वाढली असती.

एकदा ठरवलेला प्रकार किती काळ पाठ सोडत नाही हे वर्षाच्या चलावरून दिसते. जागा वाचवण्यासाठी वर्षाचे शेवटचे दोनच अंक साठवण्याची पद्धत साठ-सत्तरच्या दशकांत रूढ झाली आणि २००० साल जवळ येताच जगभर धावपळ उडाली. भारतातील कित्येक संगणक कंपन्यांना परदेशी कामाचा पहिला मोठा ओघ त्यातूनच मिळाला. तसलीच दुसरी तारीख पुढे आहे. युनिक्स वळणाच्या यंत्रणा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. जेथे ही मोजणी चिन्हासहित ३२ बिटांच्या चलात आहे, तेथे ती १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपेल आणि पुढच्या सेकंदाला १९०१ साल उगवेल. नव्या यंत्रणांत हा चल ६४ बिटांचा करण्यात आला आहे. प्रश्न आहे तो भिंतीत बसवलेल्या, कोणी उघडूनही न पाहिलेल्या जुन्या उपकरणांचा.

काही किमती आज्ञावली चालू असताना बदलायच्याच नसतात. त्यांच्यासाठी सीमध्ये घोषणेपूर्वी ‘कॉन्स्ट’ हा शब्द लिहितात. मग तो चल न राहता अचल होतो आणि त्यात नवी किंमत ठेवण्याचा प्रयत्न कम्पायलर हाणून पाडतो. नवशिके याचा कंटाळा करतात आणि आकडा थेट हिशेबात लिहितात. सेवाकराचे उदाहरण बोलके आहे. १ जून २०१५ रोजी तो १४ टक्के झाला, त्याच वर्षी १५ नोव्हेंबरपासून स्वच्छ भारत उपकरासह १४.५, १ जून २०१६ पासून कृषी कल्याण उपकरासह १५, आणि १ जुलै २०१७ रोजी तो जाऊन वस्तू व सेवा कर आला. दर नावानिशी एका जागी ठेवणाऱ्याला प्रत्येक वेळी एक ओळ बदलावी लागली. ज्यांनी बिलाच्या आज्ञावलीत १४ हा आकडा जागोजागी लिहिला होता, त्यांना त्यांतले कोणते १४ कराचे आणि कोणते १४ दिवसांच्या उधारीचे, हे एकेक ओळ वाचून ठरवावे लागले.